भांडण बीफचं, भुर्दंड चीजवाल्याला: हार्मोनच्या मांसाच्या वादाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिककडे द्राक्ष एक्स्पोर्टची कागदपत्रं बघतो. युरोपात माल जाणार म्हटलं की लॅब रिपोर्ट, रेसिड्यू (म्हणजे मालात उरलेला औषधाचा अंश), प्लॉट नंबर हेच दिवसभर चालतं. त्यातून कधीतरी अमेरिका-युरोपमधल्या या हार्मोनच्या बीफच्या केसचा नाद लागला आणि मग ओळखीतले लोक विचारायला लागले, त्यातले बरेच प्रश्न तेच तेच असतात म्हणून इथे एकदाच लिहून ठेवतोय.

मुळात भांडण कशावरून आहे?

अमेरिका आणि कॅनडात बीफसाठी पाळलेल्या जनावराला वाढीचे हार्मोन द्यायला कायद्याने परवानगी आहे, युरोपात नाही. एवढंच. पण युरोपने १ जानेवारी १९८९ पासून असलं बीफ बाहेरून आणायलाही बंदी घातली आणि अमेरिकेने त्याच दिवशी युरोपच्या साधारण ९ कोटी ३० लाख डॉलरच्या मालावर १००% ड्युटी लावून उत्तर दिलं. तिथून जे सुरू झालं ते ३० वर्षं चाललं. एक गोष्ट लक्षात ठेवा, बंदी युरोपच्या स्वतःच्या शेतकऱ्यांवर आधीपासून होती, त्यामुळे हा फक्त आपल्या लोकांचा धंदा वाचवायचा डाव होता असं सरळ म्हणता येत नाही. अमेरिकेचं म्हणणं मात्र पहिल्यापासून तेच होतं की तब्येतीचं निमित्त आहे, खरं कारण धंदा.

हार्मोन देतात म्हणजे इंजेक्शन मारतात का?

नाही, आणि इथे बहुतेकांचा गोंधळ होतो. जनावराला लोखंडी शिकंज्यात अडकवतात, मान धरतात आणि पिस्तुलासारख्या एका अवजाराने कानाच्या मागच्या बाजूला, कातडीच्या आत, तांदळाच्या दाण्यापेक्षा जरा मोठ्या अशा बारीक गोळ्यांची एक रांग सोडतात. काही सेकंदांचं काम. त्या गोळ्या पुढे काही महिने हळूहळू विरघळत राहतात. कानच का, तर कापल्यावर कान टाकूनच देतात, म्हणजे गोळीचा काही अंश राहिला तरी खाण्यात येऊ नये.

वादात हार्मोन सहा आहेत. इस्ट्राडायोल, टेस्टोस्टेरॉन, प्रोजेस्टेरॉन ही तीन नैसर्गिक, म्हणजे जनावराच्या आणि आपल्याही अंगात असतातच. ट्रेनबोलोन, झेरानॉल, मेलेंगेस्ट्रॉल ही तीन कृत्रिम. यातलं मेलेंगेस्ट्रॉल तेवढं गोळीतून नाही, खाद्यातून देतात, ते कालवडींसाठी असतं, त्याने कालवड माजावर येत नाही आणि खाल्लेलं अंगी लागतं.

पण एवढा खटाटोप करून मिळतं काय?

वजन. जनावर साधारण दहा ते वीस टक्के जोरात वाढतं आणि तेवढ्याच वजनाला खाद्य कमी लागतं. हजारो जनावरांच्या फीडलॉटमध्ये, म्हणजे जनावरं एकत्र बांधून खाऊ घालून वाढवतात तिथे, खाद्याचं बिल हाच सगळ्यात मोठा खर्च, म्हणजे हिशोब तुम्हीच करा.

आता यातली गंमत बघा. अमेरिकेत बीफसाठी वाढवलेला गोऱ्हा बहुतेक वेळा खच्ची केलेला असतो, म्हणजे त्याचे स्वतःचे हार्मोन तुम्हीच आधी काढून घेतलेत आणि मग कानातून परत देताय. युरोपात बऱ्याच देशांत गोऱ्हे खच्ची न करताच वाढवतात, त्यांना या गोळीचा तसाही फारसा फायदा नाही. त्यामुळे बंदी घालणं युरोपला कमी जड गेलं असावं असं आपलं मला वाटतं.

युरोपला एवढी भीती कुठून बसली?

त्याला डीईएस नावाचं एक कृत्रिम इस्ट्रोजेन कारण आहे, आणि ते अमेरिकेतूनच सुरू होतं. गर्भपात होऊ नये म्हणून डॉक्टर गरोदर बायकांना हे औषध द्यायचे, आणि १९७१ मध्ये लक्षात आलं की त्या बायकांच्या मुलींना तरुणपणीच योनीमार्गाचा एक दुर्मिळ कॅन्सर होतोय. हेच डीईएस १९५० च्या दशकापासून जनावरांना पण देत होते. अमेरिकेने जनावरांसाठी ते १९७९ मध्ये बंद केलं.

आणि पुढच्याच वर्षी, १९८० मध्ये, इटलीत वासराच्या मांसापासून बनवलेल्या लहान बाळांच्या डबाबंद खाण्यात डीईएस सापडलं. बाळाच्या खाण्यात! लोकांनी वासराचं मांस घ्यायचंच सोडलं, ग्राहक संघटनांनी बहिष्कार पुकारला, आणि १९८१ पासून युरोपने एकेक करत नियम आवळायला घेतले. डीईएस या सहा हार्मोनमध्ये नाहीये हे मात्र नीट लक्षात घ्या. लोक दोन्ही एकत्र करून बोलतात आणि अमेरिकन माणूस नेमका त्यावरच चिडतो, की अहो ते तर आम्हीच बंद केलंय.

मग धोका खरंच आहे की नाही? एका शब्दात सांगा.

एका शब्दात नाही सांगता येत.

अमेरिकेची बाजू अशी की गोळी नीट वापरली तर मांसात जे उरतं ते इतकं कमी असतं की आपल्या अंगात रोज तयार होणाऱ्या हार्मोनपुढे ते काहीच नाही, आणि अंड्यात, सोयाबीनच्या तेलात त्याहून जास्त असतं. संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांची मिळून एक तज्ज्ञ समिती आहे, तिचंही मत याच बाजूला गेलं. त्यावरून कोडेक्स, म्हणजे खाण्यापिण्याची आंतरराष्ट्रीय मानकं ठरवणारी संस्था, तिथे १९९५ मध्ये पाच हार्मोनसाठी मानकं मंजूर झाली. पण कशी? मतदान घेऊन, ३३ विरुद्ध २९, आणि ७ जण तटस्थ. विज्ञानाचा प्रश्न मतं मोजून सोडवला याचं तेव्हाही अनेकांना नवल वाटलं होतं आणि मला आजही वाटतं.

युरोपची बाजू अशी की मोठ्या माणसाच्या अंगात हार्मोन भरपूर असतात हे खरं, पण वयात न आलेल्या पोराच्या अंगात ते फार कमी असतात, तिथे थोडी भरही मोठी ठरू शकते. शिवाय शेतकरी गोळी दरवेळी नीटच वापरेल कशावरून, कोणी दोन मारेल, कोणी कानाऐवजी भलतीकडेच मारेल. १९९९ मध्ये त्यांच्या वैज्ञानिक समितीने इस्ट्राडायोलबद्दल म्हटलं की ते नुसता असलेला कॅन्सर वाढवतं असं नाही, सुरूही करू शकतं.

माझं मत विचाराल तर नियमाप्रमाणे वापरलेल्या गोळीचा धोका लहानच दिसतो. पण लहान धोका घ्यायचा की नाही हे ज्याच्या ताटात पडणार त्याने ठरवायचं, की ज्याला विकायचंय त्याने? अमेरिकेला या प्रश्नाचं सरळ उत्तर कधी देता आलं नाही आणि युरोपला धोक्याचा सरळ पुरावा कधी देता आला नाही.

डब्ल्यूटीओने काय निकाल दिला?

डब्ल्यूटीओ, म्हणजे जागतिक व्यापार संघटना, १९९५ ला सुरू झाली आणि तिच्यासोबत एसपीएस करार आला. तो माणसांच्या, जनावरांच्या आणि झाडांच्या आरोग्यासाठी देश जे नियम करतात त्यांच्यावर आहे. त्याचं म्हणणं साधं आहे, तुम्हाला हवी तेवढी कडक पातळी ठेवा, आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा कडक ठेवा, पण मग धोक्याचं शास्त्रीय मूल्यमापन दाखवा. १९९६ मध्ये अमेरिका आणि मग कॅनडा केस घेऊन गेले, ऑगस्ट १९९७ ला पॅनेलचा, म्हणजे केस ऐकायला नेमलेल्या पंचांचा, निकाल आला आणि जानेवारी १९९८ ला अपीलाचा. युरोप दोन्हीकडे हरला, पण अपीलात खूप कमी मुद्द्यांवर हरला, आणि ते महत्त्वाचं आहे.

अपीलवाल्यांनी म्हटलं की युरोपला स्वतःची पातळी ठरवायचा पूर्ण हक्क आहे, आणि धोका म्हणजे फक्त प्रयोगशाळेतल्या नळीतला नाही, माणसं जगतात, राबतात, मरतात त्या खऱ्या दुनियेतला पण धरायचा. इथपर्यंत युरोप खूश. पुढे म्हणाले, पण तुम्ही दिलेले अभ्यास हार्मोनने कॅन्सर होऊ शकतो असं एकंदरीत सांगतात, गोळी दिलेल्या जनावराच्या मांसात उरलेल्या हार्मोनने काय होतं याच्याबद्दल त्यात नेमकं काही नाही. आणि खबरदारी म्हणून बंदी घातली हे कारण मूल्यमापनाची जागा घेऊ शकत नाही.

हे वाचताना मला आमचाच एक किस्सा आठवला. एका सीझनला एक कंटेनर भरायला तयार, लॅब रिपोर्ट हातात, सगळ्या केमिकलसमोर ओके, आणि शेवटच्या क्षणी कोणाच्यातरी लक्षात आलं की रिपोर्टवर प्लॉट नंबर शेजाऱ्याचा पडलाय. जात तीच, फवारणी तीच, बांधाला बांध लागून, तरी एक पेटी हलली नाही. बागायतदार म्हणत होता अहो साहेब माल तोच आहे ना, आणि खरंच तोच होता, पण रिपोर्ट त्या मालाचा नव्हता. युरोपची केस ही अशी हरली.

हरल्यावर बंदी उठवली असेल ना?

नाही. १३ मे १९९९ पर्यंत, म्हणजे १५ महिन्यांची मुदत दिली होती, ती गेली, बंदी जागेवर. तिथल्या लोकांना हार्मोनचं मांस नकोच होतं, आणि त्यात नुकतंच मॅड काऊचं, म्हणजे गाईंच्या मेंदूच्या रोगाचं, प्रकरण होऊन गेलेलं, त्या दिवसांत कुठला नेता बंदी उठवणार होता?

अशा वेळी डब्ल्यूटीओ कोणाला तुरुंगात टाकत नाही की दंड वसूल करत नाही. ती जिंकणाऱ्याला सांगते, तुझं जेवढं नुकसान झालं तेवढ्याच मालावर तू ड्युटी लाव. अमेरिकेने वर्षाला २० कोटी २० लाख डॉलर मागितले, मिळाले ११ कोटी ६८ लाख. कॅनडाने साडेसात कोटी कॅनेडियन डॉलर मागितले, हातात आले १ कोटी १३ लाख.

आणि चीज कुठून आलं यात?

तीच तर खरी गोष्ट आहे. ड्युटी बीफवर लावून उपयोग नव्हता, युरोपचं बीफ अमेरिकेला नकोच होतं. मग कशावर लावायची, तर जिथे दुखेल आणि बातमी होईल तिथे. जुलै १९९९ च्या शेवटी अमेरिकेने यादी काढली, त्यात रोकफोर चीज, फ्वा ग्रा (बदकाचं चरबीदार काळीज), ट्रफल (जमिनीखालची महागडी बुरशी), दिजोंची मोहरी, असा माल, त्यावर १००% ड्युटी. ब्रिटन बंदीच्या बाजूने नव्हता म्हणून त्याचा माल यादीतून सोडला, आणि फ्रान्सच्या अंगावर सगळ्यात जास्त आलं.

रोकफोर म्हणजे दक्षिण फ्रान्समधल्या एका गावाच्या गुहांमध्ये मुरवलेलं, निळ्या बुरशीचं, मेंढीच्या दुधाचं चीज. मेंढीच्या! त्या मेंढपाळाने आयुष्यात कधी बीफ विकलं नसेल, हार्मोनची गोळी बघितलीही नसेल. म्हणजे रेड्याला दुखणं आणि पखालीला इंजेक्शन, आपली म्हण अगदी फिट बसते.

वर आणखी एक, २००० मध्ये अमेरिकेने कायदा केला की ही यादी ठराविक काळाने फिरवत राहायची, आज याच्यावर उद्या त्याच्यावर, म्हणजे सगळेच टेन्शनमध्ये. त्याला कॅरोसेल म्हणायचे, जत्रेतल्या गोल फिरणाऱ्या घोड्यांवरून.

मॅकडॉनल्ड्स फोडलं ते याच प्रकरणात का?

हो. १२ ऑगस्ट १९९९, मियो नावाचं गाव, रोकफोरपासून जवळच. जोसे बोव्हे नावाचा मेंढपाळ शेतकरी, तो आणि त्याचे सोबती ट्रॅक्टर घेऊन गेले आणि तिथे बांधकाम चालू असलेलं मॅकडॉनल्ड्स दिवसाढवळ्या खोलून काढलं, दारं, छपरावरची कौलं, काय काय. ते फोडणं नव्हतं, सुटं करणं होतं असं त्यांचं म्हणणं. बोव्हेला तीन महिन्यांची शिक्षा झाली आणि तो देशभर हिरो झाला. त्याच वर्षी डब्ल्यूटीओची सिएटलला बैठक होती तिथे हा गडी रोकफोर घेऊन पोचला, ड्युटी न भरता. पुढे युरोपच्या संसदेत निवडूनही आला. आपल्याकडे ऊसदरासाठी रस्त्यावर ट्रॅक्टर आडवे लावलेले ज्यांनी पाहिलेत त्यांना हा माणूस परका वाटणार नाही.

२००८ मध्ये परत केस झाली होती ना, तिचं काय?

२००३ मध्ये युरोपने नवीन अभ्यास करून नवीन नियम आणला, इस्ट्राडायोलवर कायमची बंदी, बाकी पाचवर तात्पुरती, आणि म्हटलं आता आमचा गृहपाठ पूर्ण आहे, तुम्ही ड्युटी काढा. अमेरिकेने काढली नाही. मग यावेळी केस युरोपने केली. पॅनेलने बहुतेक अमेरिकेच्या बाजूने निकाल दिला, ऑक्टोबर २००८ मध्ये अपीलात त्यातला बराच भाग फिरवला. एक कारण भारी होतं: युरोपने ज्या आंतरराष्ट्रीय समितीच्या मतावर आक्षेप घेतला होता त्याच समितीत काम केलेल्या दोन शास्त्रज्ञांना पॅनेलने सल्लागार म्हणून घेतलं होतं. म्हणजे पेपर काढणारा आणि रीचेकिंगचा मास्तर एकच.

शेवटी निकाल काय, तर बंदी चूक आहे असंही सिद्ध नाही, बरोबर आहे असंही नाही, ड्युटी चालू ठेवा आणि हवं तर पुन्हा नवी केस करा. दहा वर्षं घालवून हे.

मग मिटलं कसं?

जसं आपल्याकडे बांधाचं भांडण मिटतं तसं, कोर्टात नाही, बाहेर. जानेवारी २००९ मध्ये बुश सरकारने जाता जाता रोकफोरवर थेट ३००% ड्युटी जाहीर केली, पण ती लागू व्हायच्या आतच मे २००९ ला समझोता झाला. युरोपने सांगितलं, हार्मोनवाल्या बीफला दार बंदच, पण बिनहार्मोनचं चांगल्या प्रतीचं बीफ २०,००० टन विना ड्युटी घेऊ, पुढे ते ४५,००० टन केलं. बदल्यात अमेरिकेने ड्युटी काढली.

पण कोटा एका देशापुरता नव्हता, नियमात बसणारा कोणीही माल पाठवू शकत होता, आणि ऑस्ट्रेलिया, उरुग्वे, अर्जेंटिना हे लोक तयारच बसले होते, त्यांनी कोटा भरून टाकला. ज्याच्यासाठी पंगत मांडली तोच उपाशी. अमेरिका परत चिडली, २०१६ च्या शेवटी पुन्हा ड्युटीची तयारी सुरू केली, आणि २ ऑगस्ट २०१९ ला नवा करार झाला की ४५,००० पैकी अमेरिकेला पहिल्या वर्षी १८,५०० टन आणि सात वर्षांत वाढवत ३५,००० टन फक्त तिच्यासाठी राखीव.

आता अमेरिकेतल्या ज्या फार्मला युरोपात पाठवायचंय त्याला सरकारी योजनेत नाव नोंदवून, जनावर जन्मल्यापासून हार्मोन दिलेला नाही हे कागदावर दाखवावं लागतं. आमच्या ग्रेपनेटसारखंच, म्हणजे एक्स्पोर्टच्या द्राक्षबागांच्या सरकारी नोंदणीसारखं, बाग नोंदवा, नंबर घ्या, सॅम्पल द्या. तीस वर्षं भांडून शेवटी रजिस्टर भरायची वेळ आलीच.

ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर तिथे येतं का हे बीफ?

नाही. मे २०२५ ला अमेरिका-ब्रिटन व्यापार करार झाला, त्यात दोन्हीकडून १३,००० टन बीफचा कोटा आहे, पण हार्मोनवरची बंदी ब्रिटनने सोडली नाही.

रॅक्टोपामाइन पण हार्मोनच ना?

नाही, ते वेगळं औषध आहे, डुकराच्या खाद्यात घालतात, चरबी कमी आणि मांस जास्त भरतं. भांडण मात्र त्याच साच्यातलं. कोडेक्समध्ये २०१२ ला तेही मतदानाने पास झालं, ६९ विरुद्ध ६७. युरोप आणि चीनमध्ये चालत नाही. तैवानने २०२१ पासून रॅक्टोपामाइनवालं अमेरिकन पोर्क येऊ द्यायचं ठरवलं तेव्हा तिथल्या संसदेत विरोधी खासदारांनी डुकराची आतडी फेकून मारली होती. खोटं नाही सांगत.

मी अमेरिकेत राहते, चिकनच्या पाकिटावर "हार्मोन नाहीत" लिहिलेलं घ्यायचं का?

ताई, त्यासाठी एक सेंट पण जास्त देऊ नका. तिथे कोंबडीला हार्मोन द्यायची परवानगीच नाही, त्यामुळे सगळंच चिकन बिनहार्मोनचं. पाकीट नीट बघा, त्याच दाव्याजवळ बारीक अक्षरात लिहिलेलं सापडेल की सरकारी नियमानुसार हार्मोन वापरायला बंदी आहे. ते लिहिणं कंपनीला भागच आहे. बीफच्या पाकिटावर मात्र त्या शब्दांना अर्थ आहे.

आपल्याकडच्या ब्रॉयलरला हार्मोनची इंजेक्शनं देतात असं सगळेच म्हणतात?

म्हणतात, पण एका शेडमध्ये पाच-दहा हजार पक्षी असतात, एकेकाला धरून सुई मारणार कोण आणि ते परवडणार कोणाला? ब्रॉयलर चाळीसेक दिवसांत भरतो तो जातीमुळे आणि खाद्यामुळे. अँटिबायोटिकबद्दल विचाराल तर तो मात्र खरा काळजीचा विषय आहे. आणि गोठ्यात म्हशीला पान्हा सोडायला चोरून मारतात ते ऑक्सिटोसिन, तोही हार्मोनच, पण वाढीचा नाही आणि या केसशी त्याचा संबंध नाही.

आपण बीफ खात नाही, आपल्याला काय करायचंय?

हापूस खाता ना? १ मे २०१४ ला युरोपने आपला आंबा बंद केला, फळमाशीमुळे, जानेवारी २०१५ ला उठवला, तो प्रश्न याच एसपीएस कराराच्या कक्षेतला. २०१० ला आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाट नावाच्या वाढ रोखणाऱ्या औषधाच्या अंशामुळे, बागायतदार अजून तो सीझन विसरले नाहीत.

आणि भारत पलीकडच्या बाजूलाही उभा राहिलाय. बर्ड फ्लूच्या भीतीने आपण अमेरिकन कोंबडीवर बंदी घातली होती, अमेरिका २०१२ मध्ये डब्ल्यूटीओत गेली, आणि २०१५ ला आपण अपीलात हरलो, कारण बंदीच्या मागे धोक्याचं मूल्यमापन नव्हतं. युरोप ज्या कलमावर हरला तेच कलम. तेही शेवटी तडजोडीनेच मिटलं, सप्टेंबर २०२३ मध्ये, आणि बदल्यात आपण फ्रोझन टर्की, बदक, ब्लूबेरी, क्रॅनबेरी यांच्यावरची ड्युटी कमी केली.

ज्या चीजवाल्यांचा काही दोष नव्हता त्यांना नुकसानभरपाई मिळाली का?

डब्ल्यूटीओत फक्त सरकारं जाऊ शकतात, व्यापारी नाही. मग आपल्याच सरकारकडून मागावी म्हटलं तर तोही रस्ता बंद झाला. केळ्यांवरून अमेरिका-युरोपचं असंच भांडण झालं होतं, त्यात इटलीची फियाम नावाची बॅटरी बनवणारी कंपनी १००% ड्युटीत सापडली. केळी आणि बॅटरी, संबंध तुम्हीच शोधा. ती युरोपच्या कोर्टात गेली की तुमच्या हट्टापायी आमचं नुकसान झालं, भरून द्या. सप्टेंबर २००८ मध्ये सर्वोच्च पातळीवर निकाल लागला, एक युरो मिळाला नाही.